आल्डो लिओपोल्ड आणि नदीकाठचे खुराडे

दरवर्षी हिवाळा आला की आपल्या शाळेत सहलीची आणि वनभोजनाची चर्चा सुरू होते. डबे, पाण्याच्या बाटल्या, बसमधल्या जागा, गाण्याच्या भेंड्या. संध्याकाळी थकून घरी आलो की सहल संपते. पण एका कुटुंबाची सहल तेरा वर्षे चालली, आणि तीही एकाच ठिकाणी. शनिवार-रविवार आला की आई, वडील आणि पाच मुले गाडीत सामान भरून शहराबाहेर ऐंशी-एक किलोमीटरवर, नदीकाठच्या एका पडीक शेतावर जात. तिथे राहायला काय होते? कोंबड्यांचे एक जुने खुराडे. त्या खुराड्यातून पुढे एक जगप्रसिद्ध पुस्तक निघाले आणि पाच शास्त्रज्ञही निघाले. त्या कुटुंबाच्या प्रमुखाची, आल्डो लिओपोल्ड यांची ही जीवनकथा.

आल्डो यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठावरील बर्लिंग्टन या गावी झाला. घराणे मूळचे जर्मन. घरात जर्मन बोलली जाई आणि लहानग्या आल्डोची पहिली भाषाही तीच. आपल्यापैकी ज्यांच्या घरात मराठी, अंगणात दुसरी भाषा आणि शाळेत तिसरी भाषा आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. वडील कार्ल यांचा लिहिण्याची टेबले बनवण्याचा कारखाना होता. लाकडाच्या या व्यापाऱ्याला रानाचे वेड होते. सुट्टीच्या दिवशी ते मुलांना घेऊन नदीकाठच्या दलदलीत जात आणि कुजलेल्या ओंडक्याखाली कोण राहते, चिखलात उमटलेला पाय कोणाचा, हे दाखवत.

कार्ल शिकारी होते. त्या काळी त्या भागात बदकांची शिकार कितीही करावी, केव्हाही करावी, त्याला विशेष बंधन नव्हते. परंतु वसंत ऋतूत पक्षी अंडी घालण्यासाठी परतत असतात हे ओळखून त्यांनी त्या दिवसांत बंदूक उचलणे आपणहून सोडून दिले. कायदा नंतर आला. मुलाच्या हाती पहिली बंदूक दिली तेव्हाही त्यांनी अट घातली, की झाडावर बसलेल्या पक्ष्यावर गोळी झाडायची नाही, उडत्या पक्ष्यावर नेम धरता आला तरच. उडत्या पक्ष्यावर नवशिक्याचा नेम लागत नाही, हे वडिलांना पक्के ठाऊक होते. आल्डोने कितीतरी दिवस रिकाम्या हाताने घरी येऊन हा नियम पाळला.

उन्हाळ्यात सारे कुटुंब उत्तरेला ह्युरॉन सरोवरातील एका बेटावर मुक्कामाला जाई. तिथे होड्या, मासेमारी, जंगलातल्या पायवाटा. आल्डो आणि त्याचे दोघे धाकटे भाऊ दिवसभर भटकत. बेटाचे नकाशे तो स्वतः काढी. एका श्रीमंत घरातल्या मुलाची मौज, असे कोणी म्हणेल, आणि ते काही खोटे नाही. पण याच मुलाने पुढे आयुष्यभर एक सवय सोडली नाही. जे पाहिले ते त्याच दिवशी वहीत टिपून ठेवायचे.

येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेऊन १९०९ मध्ये आल्डो अमेरिकेच्या वनखात्यात रुजू झाले. नेमणूक झाली नैर्ऋत्येकडच्या ॲरिझोनात. वय बावीस. घोडा, बंदूक आणि हाताखाली माणसे. त्याच वर्षी शरद ऋतूत ती घटना घडली, जी त्यांनी पुढे पस्तीस वर्षे मनात ठेवली आणि १९४४ मध्ये लिहून काढली.

सर्वेक्षणाला निघालेली मंडळी एका उंच कड्यावर जेवायला बसली होती. खाली नदी खळाळत होती. कोणीतरी प्राणी नदी ओलांडताना दिसला. आधी वाटले हरिणी आहे. काठावर येऊन तिने अंग झाडले तेव्हा कळले की ती लांडगी आहे, आणि तिच्या स्वागताला पिल्ले धावून आली. त्या काळी लांडगा दिसला की मारायचा, यात कोणाला काही गैर वाटत नसे. लांडगे कमी झाले की हरणे वाढतील, हरणे वाढली की शिकाऱ्यांची चंगळ, असा सरळ हिशेब. सगळ्यांनी बंदुका रिकाम्या केल्या. आल्डो खाली उतरून लांडगीपाशी पोहोचले तेव्हा तिच्या डोळ्यांतला हिरवट प्रकाश मावळत होता. त्या क्षणी आपल्याला काही उमगले असे त्यांनी नंतर लिहिले. परंतु त्यांच्या चरित्राकडे नीट पाहिले तर दिसते की त्यानंतरही बरीच वर्षे ते लांडगे संपवण्याच्याच बाजूने बोलत आणि लिहीत होते. समज यायला त्यांना वेळ लागला. मला तरी यामुळे ते अधिक जवळचे वाटतात.

१९१२ मध्ये न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे त्यांचा विवाह एस्टेला बर्गेरे यांच्याशी झाला. एस्टेला यांच्या आईचे माहेर लूना हे तिथले जुने स्पॅनिश घराणे, मेंढ्यांच्या मोठ्या कळपांचे मालक. (दुसऱ्या मुलाचे नाव लूना ठेवले ते या आजोळच्या आडनावावरून.) लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच एप्रिल १९१३ मध्ये आल्डो दौऱ्यावर असताना वादळात सापडले. पावसात, गारठ्यात, ओल्या अंथरुणात दिवस काढले. घरी पोहोचेपर्यंत हातपाय, चेहरा सुजला होता. मूत्रपिंडाला दाह झाला होता. थोडा आणखी उशीर झाला असता तर पुढची कथाच नव्हती. बरे व्हायला दीड वर्षाच्या आसपास काळ गेला. धावपळीच्या माणसाला ओसरीवर बसून राहावे लागले, आणि त्या काळात त्यांनी भरपूर वाचले. याच काळात, ऑक्टोबर १९१३ मध्ये, पहिला मुलगा स्टार्कर जन्मला. पुढे १९१५ मध्ये लूना, १९१७ मध्ये नीना, १९१९ मध्ये कार्ल आणि बऱ्याच अंतराने १९२७ मध्ये धाकटी एस्टेला. आईचेच नाव मुलीलाही.

प्रकृती पूर्ववत झाली नाही तरी भटकंती थांबली नाही. १९२२ च्या शरद ऋतूत आल्डो आणि त्यांचा भाऊ कार्ल हे दोघे एका होडीतून कोलोरॅडो नदीच्या मुखाशी, मेक्सिकोच्या हद्दीतील त्रिभुज प्रदेशात गेले. हिरव्या पाण्याचे फाटे, बगळ्यांचे थवे, बदके, लावे, आणि कुठेतरी दडलेला जग्वार. जग्वार त्यांना एकदाही दिसला नाही, पण तो आहे या जाणिवेने सारे रान जिवंत वाटत होते. आल्डो पुन्हा तिथे कधी गेले नाहीत. बरेच झाले म्हणायचे, कारण पुढे वरच्या बाजूला धरणे झाली, १९३६ मध्ये हूवर धरण पुरे झाले, आणि ते हिरवे फाटे बहुतांशी सुकून गेले.

अशी ठिकाणे रस्ते होण्याआधी राखून ठेवली पाहिजेत, हा विचार तेव्हा नवा होता. वनखात्याचे काम म्हणजे लाकूड आणि चराई, असे समजले जाई. आल्डो यांनी खात्यातच राहून आग्रह धरला, आणि ३ जून १९२४ रोजी न्यू मेक्सिकोतील हिला नदीच्या उगमाकडचा सुमारे साडेसात लाख एकर प्रदेश रस्ते आणि बांधकामे यांपासून मुक्त ठेवण्याचा निर्णय झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत अशा रीतीने राखलेले हे पहिले रान.

त्याच महिन्यात लिओपोल्ड मंडळी कॅनडाच्या सीमेवरील क्वेटिको या सरोवरांच्या प्रदेशात निघाली. आल्डो, त्यांचे दोन्ही भाऊ आणि दहा वर्षांचा स्टार्कर. निमुळत्या होड्या वल्हवत एका सरोवरातून दुसऱ्या सरोवरात जायचे. मध्ये जमीन आली की होडी डोक्यावर आणि सामान पाठीवर घेऊन चालायचे. डासांचा त्रास, अधूनमधून पाऊस. रोज संध्याकाळी तंबू ठोकायचा, गळ टाकायचा, मिळेल तो मासा विस्तवावर भाजायचा. आल्डो स्वयंपाकात तरबेज होते. जाड बिडाच्या झाकणाच्या भांड्यात, वर-खाली निखारे ठेवून, आंबवलेल्या पिठाचा पाव ते असा भाजत की मुले मोठेपणीही त्याची आठवण काढत. या प्रवासाची रोजनिशी त्यांनी लिहून ठेवली आहे. तीत मोठ्या माशांच्या बढाया फारशा नाहीत. कोणता पक्षी कुठे ओरडला, कोणत्या झाडाखाली मुक्काम केला, मुलाने काय पाहिले, याच्या नोंदी आहेत.

मासेमारीविषयी त्यांचे मत पुढे एका लेखात आले आहे. ओढ्याचे पाणी आटलेले, ऊन कडक, ट्राउट मासे गार पाण्याच्या शोधात झुडपांखाली दडलेले. पहाटे उठून, खडकावर गुडघे टेकून, श्वास रोखून ते वाट पाहतात. शेवटी टोपलीत जे मासे आले ते काही मोठे नव्हते. पण त्यांनी मोजली ती ती वाट पाहण्याची घटका. आमच्या ओळखीत गळ टाकून तासन्‌तास तळ्याकाठी बसणारे जे लोक आहेत त्यांना हे ताबडतोब पटेल, आणि त्यांच्या घरच्यांना कदाचित पटणार नाही.

१९२४ मध्येच आल्डो यांची बदली विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरी झाली. काम होते लाकडावरील संशोधनसंस्थेत. चार वर्षांनी त्यांनी ती नोकरी सोडली आणि राज्याराज्यांतून वन्यप्राण्यांची पाहणी करत फिरू लागले. मंदीचे दिवस, पाच मुले, आणि कायमची नोकरी नाही. एस्टेला यांनी घर कसे चालवले असेल याची कल्पना आपल्या मातांना करता येईल. १९३३ मध्ये त्यांचे वन्यप्राणी व्यवस्थापनावरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना या विषयाचे प्राध्यापक नेमले. अमेरिकेत या विषयाचे हे पहिलेच अध्यासन.

आता आपण मुख्य गोष्टीशी आलो. जानेवारी १९३५ मध्ये आल्डो यांनी मॅडिसनच्या वायव्येला, बाराबू गावाजवळ, विस्कॉन्सिन नदीच्या काठावर एक शेत पाहिले. हेतू साधा होता, सुट्टीत शिकारीला गेले की मुक्कामाला एक जागा असावी. सुमारे ऐंशी एकर जमीन त्यांनी घेतली. जमीन कसली, वाळूच. आधीच्या मालकाने तिचा कस संपवला होता. घर जळून गेलेले, कर थकलेला, मालक निघून गेलेला. झाडे तोडलेली. १९३० नंतरच्या दुष्काळात अमेरिकेच्या मध्य भागात वाऱ्याने शेतेच्या शेते उडून जात होती, त्या काळातली ही एक जखम. उभे राहिले होते फक्त कोंबड्यांचे खुराडे, आणि त्यात एका बाजूला गुडघ्याएवढे शेण साचलेले.

कुटुंबाला हे दाखवायला नेले तेव्हा स्टार्कर एकवीस वर्षांचा होता, धाकटी एस्टेला आठ. इतर कोणी असता तर जमिनीचा सौदा मोडला असता. या मंडळींनी फावडी उचलली. शेण बाहेर काढून बागेला घातले. पुराच्या पाण्याबरोबर नदीकाठाला लागलेल्या फळ्या वेचून आणल्या, त्यांतून बाके, फडताळे, झोपायच्या फळ्या तयार झाल्या. शेकोटीसाठी धुराडे बांधले. विकत आणायचे ते अगदी नाइलाज झाला तरच, असा दंडकच होता. वीज नाही, हातपंपाचे पाणी. बाहेर एक संडास बांधला आणि त्याचे नाव ठेवले पार्थेनॉन, अथेन्सच्या त्या प्रख्यात देवळावरून! खुराड्याला सारे जण नुसते 'शॅक' म्हणत. गोव्याकडच्या आपल्या वाचकांना शॅक म्हटले की समुद्रकिनारा आठवेल. ही शॅक मात्र बर्फात बुडणारी होती.

तिथे काय चाले? नदीत पोहणे, लाकडे फोडणे, रात्री शेकोटीभोवती गिटारवर गाणी. आई स्पॅनिश गाणी म्हणत. आल्डो धनुष्यबाण स्वतः घडवत आणि घरातले सारे नेमबाजी करत. यात आई सर्वांत पुढे गेल्या. विस्कॉन्सिन राज्याच्या स्त्रियांच्या तिरंदाजीत त्यांनी विजेतेपद मिळवले. मुलांचे मित्र-मैत्रिणी येत, विद्यापीठातले विद्यार्थी येत. येणाऱ्याच्या हाती खोरे दिले जाई, कारण वसंत ऋतूत झाडे लावायची असत.

ही झाडे लावण्याची हकीकत सोपी नाही. १९३६ च्या वसंतात सर्वांनी मिळून पाइनची हजारो रोपे लावली. त्या उन्हाळ्यात असा कोरडा दुष्काळ पडला की जवळजवळ सारी रोपे जळाली. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली. पुन्हा बरीच मेली. ससे, हरणे, पूर, तण, काही ना काही असेच. दरवर्षी कमी-अधिक हजारांनी रोपे लावणे चालू राहिले आणि १९४८ पर्यंत लावलेल्या झाडांची संख्या सुमारे चाळीस हजारांवर गेली. शिवाय नांगरामुळे नाहीशी झालेली माळरानावरची गवते आणि फुलझाडे त्यांनी परत आणली. शिकारीचा मुक्काम म्हणून घेतलेली जागा हळूहळू दवाखाना झाली, आणि रोगी होती जमीन.

वह्या तर चालूच होत्या. कोणते फूल कोणत्या तारखेला उमलले, हंस कधी आले, नदीवरचा बर्फ कधी फुटला, हे सारे टिपले जाई. आल्डो पहाटे साडेतीनच्या सुमारास उठत, कॉफीचा कप घेऊन बाहेर बाकावर बसत आणि अंधारात कोणता पक्षी किती उजेड झाल्यावर गायला लागतो ते उजेड मोजण्याचे यंत्र घेऊन नोंदवत. हिवाळ्यात चिकडी नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांना पकडून त्यांच्या पायात क्रमांक असलेली कडी घालून सोडून देत. दरवर्षी पुन्हा पकडले की कोण जगले ते कळे. ६५२९० क्रमांकाचा एक पक्षी पाच हिवाळे तगला, आणि सारे घर त्याला नातेवाइकासारखे ओळखू लागले. एक ओक वृक्ष वीज पडून मेला तेव्हा त्याला करवतीने कापताना खोडातली वर्तुळे मोजत मोजत आल्डो मुलांना ऐंशी वर्षांचा इतिहास सांगत. करवत कोणत्या वर्षात पोहोचली, त्या वर्षी राज्यात काय घडले, कोणता प्राणी नाहीसा झाला. इतिहासाच्या तासाला एखादे असे खोड वर्गात आणता आले तर!

एक गंमत सांगतो. पाइन आणि बर्च ही झाडे शेजारीशेजारी आली की आल्डो नेहमी बर्च तोडत आणि पाइन ठेवत. असे का, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. पाइन मी लावला म्हणून? तो दुर्मिळ म्हणून? दीर्घायुषी म्हणून? प्रत्येक उत्तर तपासून शेवटी त्यांनी कबूल केले की आपले पाइनवर प्रेम आहे आणि हा सरळ पक्षपात आहे. शास्त्रज्ञाने असे लिहावे, हे विशेष.

याच वर्षांत दोन प्रवासांनी त्यांचे विचार पुरते बदलले. १९३५ मध्ये ते जर्मनीला गेले. पूर्वजांच्या त्या देशात रांगेत लावलेली एकाच जातीची झाडे आणि खायला घालून वाढवलेली हरणे त्यांनी पाहिली. जंगल नीटनेटके होते, पण खाली झुडूप नाही, वर घुबड नाही, लांडगा तर केव्हाच गेलेला. पुढच्या वर्षी, १९३६ मध्ये, एका मित्राबरोबर ते मेक्सिकोतील सिएरा माद्रे डोंगरांत गाव्हिलान नदीकाठी धनुष्यबाण घेऊन गेले. १९३७ च्या डिसेंबरात भाऊ कार्ल आणि मुलगा स्टार्कर यांना घेऊन पुन्हा गेले. तिथे लांडगे होते, डोंगरी सिंह होते आणि हरणेही पुष्कळ होती. तरी उतारावर गवत टिकून होते आणि नदी नितळ वाहत होती. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की निरोगी रान आपण आयुष्यात प्रथमच पाहतो आहोत. आजवर पाहिले ते सगळे आजारी. जिथे लांडगे संपवले तिथे हरणे इतकी वाढली की त्यांनी रोपटे न्‌ रोपटे खाऊन टाकले आणि मग स्वतःही उपाशी मेली. तरुणपणी कड्यावरून झाडलेल्या गोळ्यांचा हिशेब आता उलटा लागत होता.

हे घरात बसून लिहिणे सोपे, लोकांना सांगणे अवघड. १९४३ पासून आल्डो राज्याच्या निसर्गसंरक्षण आयोगाचे सदस्य होते. विस्कॉन्सिनमध्ये हरणे फार झाली आहेत, माद्यांचीही शिकार व्हायला हवी, नाहीतर जंगल आणि हरणे दोन्ही जातील, असे त्यांनी सांगितले. गोंडस हरणांचा कैवार घेणाऱ्यांनी त्यांच्यावर वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठवली. ते मागे हटले नाहीत. पण त्रास झाला. १९४५ च्या अखेरीपासून चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या असह्य कळा सुरू झाल्या. १९४७ मध्ये त्यासाठी मेंदूजवळची शस्त्रक्रिया करावी लागली.

शॅकविषयीचे छोटे छोटे लेख त्यांनी एकत्र केले होते. एकामागून एक प्रकाशकांनी ते परत पाठवले. कोणाला ते फार विखुरलेले वाटले, कोणाला त्यातले तत्त्वज्ञान नको होते. अखेर १४ एप्रिल १९४८ रोजी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून पुस्तक स्वीकारल्याचा दूरध्वनी आला. त्याच आठवड्यात आल्डो, पत्नी आणि धाकटी मुलगी झाडे लावण्यासाठी शॅकवर गेले.

२१ एप्रिलच्या सकाळी शेजारच्या शेताकडे धूर दिसला. गवत पेटले होते आणि आग पाइनच्या दिशेने येऊ शकत होती. तिघे गाडी घेऊन निघाले. पत्नी आणि मुलगी यांना कामे नेमून देऊन आल्डो पाण्याचा पंप पाठीवर घेऊन पुढे गेले. तिथेच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ते उताणे आडवे झाले, हात छातीवर घेतले. आग त्यांच्या अंगावरून हलकेच पुढे गेली. वय एकसष्ट. बर्लिंग्टनला, जन्मगावी, त्यांचे दफन झाले.

पुस्तकाचे उरलेले काम लूना यांनी मित्रांच्या मदतीने पुरे केले आणि १९४९ मध्ये ते 'अ सँड काउंटी अल्मनॅक' या नावाने प्रसिद्ध झाले. (सँड काउंटी नावाचा जिल्हा नकाशात शोधू नका, सापडणार नाही. वाळूच्या त्या प्रदेशाला दिलेले ते नाव आहे.) सुरुवातीला खप बेताचाच होता. पुढे वीस वर्षांनी, पर्यावरणाचा प्रश्न सर्वांच्या तोंडी आला तेव्हा, वाचक त्याकडे वळले आणि आजवर त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती गेल्या आहेत. माती, पाणी, झाडे, प्राणी यांच्या समाजाचा माणूस हा मालक नाही, एक साधा सभासद आहे, हा त्यातला विचार.

आणि ती पाच मुले? स्टार्कर वन्यप्राणिशास्त्रज्ञ झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांविषयीचा १९६३ मधील महत्त्वाचा अहवाल त्यांच्या नावाने ओळखला जातो. लूना नद्यांचे अभ्यासक झाले, त्यांना १९९१ चे राष्ट्रीय विज्ञानपदक मिळाले. कार्ल वनस्पतींच्या शरीरक्रियांचे अभ्यासक. एस्टेला प्राचीन परागकणांच्या तज्ज्ञ. कोलोरॅडोतील फ्लॉरिसंट येथील जीवाश्मांचे शिलाथर बुलडोझरखाली जाणार होते, ते वाचवण्याच्या लढ्यात त्या पुढे होत्या, आणि १९६९ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झाले. स्टार्कर, लूना आणि एस्टेला हे तिघेही अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडले गेले. एकाच घरातले तिघे!

नीना यांच्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्या परत गेल्या. १९७६ मध्ये त्या आणि त्यांचे पती शॅकच्या जवळ घर बांधून राहिले, आणि वडिलांनी जिथे थांबवल्या होत्या तिथून फुलांच्या आणि पक्ष्यांच्या तारखा त्यांनी पुन्हा लिहायला घेतल्या. जुन्या आणि नव्या वह्या शेजारी ठेवून १९९९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. वसंत ऋतूतल्या पंचावन्न घटनांपैकी कित्येक पूर्वीपेक्षा लवकर घडत होत्या. हवामान बदलत असल्याचा हा पुरावा मिळाला तो सुट्टीत कॉफी पीत लिहिलेल्या तारखांमधून. नीना २०११ मध्ये वारल्या. पाच भावंडांतील शेवटच्या एस्टेला फेब्रुवारी २०२४ मध्ये, सत्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या.

पाच भावंडांनी १९८२ मध्ये वडिलांच्या नावाने एक प्रतिष्ठान स्थापन केले. २००७ मध्ये त्याची इमारत उभी राहिली. दाट झालेले रान विरळ करताना तोडलेले पाइन तिच्या तुळयांना आणि फळ्यांना वापरले. शनिवार-रविवारी मुलांनी खोऱ्याने लावलेली हीच ती झाडे. शॅक अजून उभी आहे, २००९ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. १९३७ मध्ये आल्डो यांनी क्रौंच पक्ष्यांवर एक लेख लिहिला होता. विस्कॉन्सिनमध्ये तेव्हा ते इतके थोडे उरले होते की लेखाला मृत्युलेखाचा सूर होता. आता दर शरद ऋतूत दक्षिणेकडे जाण्यापूर्वी हजारो क्रौंच शॅकजवळच्या नदीतील वाळूच्या बेटांवर रात्रीच्या मुक्कामाला उतरतात.